पाण्याचें प्रगतिपुस्तक

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला म्हणजे विद्यार्थ्याच्या हातीं प्रगतिपुस्तक पडतें. त्या पुस्तकाचा खरा उपयोग एका वर्षाच्या गुणांत नसून मागील वर्षांच्या गुणांशीं त्यांची तुलना करण्यांत आहे, ही गोष्ट आईबाप जाणतात. गणितांत साठ गुण मिळाले एवढ्यावरून मुलगा पुढें जात आहे कीं मागें पडत आहे, हें सांगतां येत नाहीं. गतवर्षीं त्याला चाळीस होते कीं ऐशीं, हें पाहावें लागतें. हा साधा न्याय आपण मुलांना लावतों, दुकानाच्या खातेवहीला लावतों, आजाऱ्याच्या तापाला लावतों. परंतु ज्या खाडीच्या व सरोवराच्या पाण्यावर सहस्रावधि कुटुंबांची चूल पेटते, त्या पाण्याला मात्र लावीत नाहीं. मासे मेले, पाण्याला दुर्गंधि सुटली, म्हणजे चार दिवस गवगवा होतो. नमुने घेतले जातात, अहवाल लिहिला जातो, आणि पुढें सर्व शांत होतें. आमचें नम्र मत असें आहे कीं, पाण्याची खरी काळजी ह्या चार दिवसांच्या गवगव्यांत नसून वर्षानुवर्षें, ठराविक जागीं, ठराविक रीतीनें, कोणी पाहत नसतांहि केलेल्या मोजणींत आहे. आणि ज्या वर्षीं कांहींच विशेष घडत नाहीं, त्या वर्षाची नोंदहि पुढें फार मोलाची ठरते. हें मत आम्ही एका प्रसिद्ध सरोवराच्या इतिहासाच्या आधारें वाचकांपुढें मांडूं इच्छितों.

पूर्व किनाऱ्यावर ओडिशाच्या पुरी, खोर्दा व गंजाम ह्या जिल्ह्यांत पसरलेलें चिल्का सरोवर हें भारतांतील सर्वांत मोठें खारकच्छ होय. समुद्र व जमीन ह्यांच्यामध्यें वाळूचा लांब दांडा पडून जें पाणी आंत अडतें, त्यास भूगोलांत खारकच्छ म्हणतात, हें आमच्या विद्यार्थिवाचकांस ठाऊक आहेच. उन्हाळ्यांत चिल्काचें क्षेत्र सुमारें ९०० चौरस किलोमीटर असतें. पावसाळ्यांत तें १,१६५ चौरस किलोमीटरांपर्यंत वाढतें. उत्तरेकडून महानदीच्या दया, भार्गवी इत्यादि शाखा गोडें पाणी व गाळ घेऊन येतात. पूर्वेकडून अरुंद मुखावाटे समुद्राचें खारें पाणी आंत शिरतें. दक्षिणेस रंभा नांवाचा छोटा उपसागर आहे. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. चिल्कांत मात्र पावसाळ्यांत उत्तरेचें पाणी जवळजवळ गोडें, मधल्या भागाचें मचूळ, तर उन्हाळ्यांत मुखाजवळचें समुद्रासारखें खारें आढळतें. खाऱ्या व गोड्या पाण्याच्या ह्या मेळावरच तेथील कोळंबी, खेकडे, बोय वगैरे मासळीचें, दुर्मिळ अशा इरावती डॉल्फिनांचें, हिवाळ्यांत दूरदेशांहून येणाऱ्या लक्षावधि पक्ष्यांचें, आणि काठच्या सुमारें दोन लाख मच्छीमार लोकांचें जीवित अवलंबून आहे. हा मेळ बिघडला कीं सर्वच बिघडतें.

१९८१ सालीं रामसर कराराच्या यादींत भारताचीं जीं पहिलीं दोन पाणथळ स्थळें दाखल झालीं, त्यांत भरतपूरच्या केवलादेवाबरोबर चिल्काहि होतें. परंतु मान मिळाल्यानें पाणी सुधारत नाहीं. डोंगरउतारांवरील माती व नद्यांचा गाळ सरोवरांत साचत होता. किनाऱ्याच्या कडेनें वाहत येणाऱ्या वाळूमुळें समुद्राचें मुख उथळ होऊन उत्तरेकडे सरकत होतें. आणि सरोवरास त्या मुखाशीं जोडणारा लांबलचक प्रवाह गाळानें भरत चालला होता. भरतीचें पाणी पुरेसें आंत येईना, पुराचें पाणी वेळेवर बाहेर जाईना. खारटपणा उतरला, गोड्या पाण्यांतील पाणवनस्पतींनीं विस्तीर्ण भाग झांकून टाकला, आणि समुद्रांतून आंत येणारीं माशांचीं व कोळंबीचीं पिलें वाटेंतच अडूं लागलीं. त्यांत कोळंबीच्या पैदाशीसाठीं पाण्यांतच बांध व जाळीं घालून केलेल्या घेऱ्यांची भर पडली, आणि पिढीजात कोळ्यांना आपल्याच पाण्यांत जाळें टाकण्यास जागा उरेना. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें चिल्का व पुलिकत ह्या दोन सरोवरांच्या काठापासून एक हजार मीटरांच्या आंतील कोळंबीशेतीच्या उद्योगास मनाई केली, ती ह्याच काळांतील गोष्ट. १९८० च्या दशकाच्या मध्यास वर्षाला आठ हजार टनांवर मिळणारी मासळी १९९९-२००० सालीं १,७४५ टनांवर आली. तत्पूर्वींच, १९९३ सालीं, रामसर कराराच्या ज्या माँत्रो नोंदींत प्रकृति बिघडलेल्या स्थळांचीं नांवें लिहितात, तींत चिल्काचें नांव चढलें होतें.

पुढें काय झालें तें सर्वश्रुत आहे. सरोवराच्या देखभालीसाठीं ओडिशा सरकारनें चिल्का विकास प्राधिकरण स्थापिलें होतें. त्यानें पाण्याच्या प्रवाहांचा अभ्यास पुण्याजवळ खडकवासल्यास असलेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राकडे सोंपविला, ही महाराष्ट्रीय वाचकांस अभिमान वाटण्याजोगी गोष्ट आहे. त्या अभ्यासावरून वाळूचा दांडा नेमका कोठें फोडावा हें ठरलें, आणि २३ सप्टेंबर २००० रोजीं सिपाकुडा गांवाजवळ समुद्राकडे नवें मुख उघडण्यांत आलें. पाण्याची वाट १८ किलोमीटरांनीं आखूड झाली. खारें पाणी पुन्हां खेळूं लागलें, पाणवनस्पति हटल्या, आणि २००१-०२ सालीं मासळीचा आंकडा ११,९८९ टनांवर गेला. २००२ सालीं माँत्रो नोंदींतून चिल्काचें नांव काढण्यांत आलें, आणि त्याच वर्षीं प्राधिकरणास रामसर कराराचें पारितोषिकहि मिळालें.

ही कथा सांगतांना लोक बहुधा फावड्याची व यंत्राची स्तुति करितात. वहीची कोणी करीत नाहीं. आम्हांस ती करावयाची आहे. वाळूचा दांडा फोडण्याचें काम थोड्या काळाचें. परंतु तो कोठें फोडावा हें ठरविण्यास भरती-ओहोटीच्या, प्रवाहांच्या व गाळाच्या मोजण्या हाताशीं असाव्या लागल्या. पूर्वीं मासळी किती मिळत असे हें कोणी लिहून ठेविलें नसतें, तर १,७४५ हा आंकडा वाईट आहे हेंहि कळलें नसतें. आणि पुढचा ११,९८९ हा आंकडा केवळ चमत्कार वाटला असता. सरोवराचें मूळचें रूप काय होतें, हें जाणण्यास तर आणखी मागें जावें लागतें. प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनंडेल व स्टॅन्ले केंप ह्यांनीं १९१४ च्या सुमारास चिल्कांतील जीवजातींची पद्धतशीर पाहणी आरंभिली. १९५७ ते १९६५ ह्या काळांत तेथील मत्स्यव्यवसायाचा सलग अभ्यास झाला. हें सरोवर पुढें आजारी पडेल आणि आपल्या याद्यांचा त्याच्या औषधोपचारांत उपयोग होईल, हें त्या लोकांना माहीत नव्हतें. तरीहि त्यांनीं नीट पाहिलें व नीट लिहिलें. जी गोष्ट निरोगी असतां मोजलेली नसते, तिचा रोग ओळखणें कठीण जातें.

बरें, नवें मुख उघडलें, पारितोषिक मिळालें. आतां वही मिटावी काय? येथेंच बहुतेक ठिकाणीं चूक होते. यश मिळालें कीं मोजणीवरचा खर्च निरर्थक वाटूं लागतो, आणि काटकसरीची कात्री पहिल्यानें त्यावरच चालते. परंतु समुद्राला पारितोषिकाची वार्ता कळत नाहीं. २००८ सालीं वाळूच्या दांड्यांत आणखी एक मुख आपोआप उघडलें. १२ ऑक्टोबर २०१३ रोजीं फायलिन चक्रीवादळ गोपाळपूरजवळ किनाऱ्यावर आदळलें, आणि त्यासोबतच्या पावसानें व पुरानें सरोवरांत गोड्या पाण्याचा लोंढा आला. ३ मे २०१९ रोजीं फनी वादळानें पुरीजवळ किनारा गांठला. त्या वेळीं वाळूचा दांडा फुटून नवीं मुखें झालीं व समुद्राचें पाणी अधिक वेगानें आंत येऊं लागलें. एका वादळानें पाणी गोडें केलें, दुसऱ्यानें खारें. अशा वेळीं सरोवर पूर्वपदावर येत आहे कीं नव्याच दिशेनें चाललें आहे, हें सांगण्यास वादळापूर्वींच्या शांत वर्षांच्या नोंदी लागतात. चिल्कांत त्या होत्या. कारण तेथें तीसहून अधिक ठिकाणीं दरमहा पाणी तपासण्याचा परिपाठ ठेविलेला आहे.

त्याच नोंदींतून चिल्काचें खरोखरीचें प्रगतिपुस्तक निघालें. अमेरिकेंतील मेरीलँड विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्र केंद्राच्या साहाय्यानें २०१२ सालीं सरोवराच्या प्रकृतीचें गुणपत्रक तयार करण्यांत आलें. त्यांत पाण्याची स्वच्छता, पाण्यांत विरघळलेला प्राणवायु, शेवाळाचें प्रमाण, मासळीचें एकूण उत्पन्न, तिच्या जाती व आकार, पक्षी, डॉल्फिन, तळच्या चिखलांतील जीव इत्यादि विषय होते, आणि एकंदर श्रेणी ‘ब’ मिळाली होती. डॉल्फिनांची व पक्ष्यांची गणना दरवर्षीं हिवाळ्यांत होते. डॉल्फिनांची संख्या अलीकडील कित्येक वर्षें दीडशेच्या आसपास आढळली आहे. पक्षिगणनेंत मुंबईच्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनींहि भाग घेतलेला आहे. विषय इतके कशाला, असें कोणी विचारील. उत्तर सोपें आहे. नुसती मासळी मोजली तर फसगत होते. होड्या वाढल्या, जाळ्याचे डोळे बारीक झाले, तर मासळीचा आंकडा कांहीं वर्षें चढतच राहील. परंतु पकडलेला मासा दरवर्षीं लहान होत गेला, तर तें भांडवल खाऊन केलेलें सुख होय. म्हणून मासा किती, ह्याबरोबर केवढा, हेंहि लिहावें लागतें.

ही मोजणी दीर्घकाळ कां चालावी लागते, ह्याचें उदाहरण आपल्या मुंबईंतच आहे. अपोलो बंदरावर १८७८ सालापासून समुद्राच्या पातळीची नोंद होत आली आहे. हिंदी महासागराच्या काठीं इतकी जुनी नोंद क्वचितच आढळते. उधाणाच्या वेळीं मुंबईस भरती व ओहोटी ह्यांतील अंतर चार मीटरांच्या वर जातें. उलट, समुद्राची सरासरी पातळी विसाव्या शतकांत वर्षाला सुमारें एक मिलिमीटर, किंबहुना त्याहून किंचित् कमीच, चढत गेली. दिवसांतून दोनदां चार-चार मीटर वरखालीं होणाऱ्या पाण्यांत वर्षाचा तो एक मिलिमीटर कोणत्या डोळ्यास दिसणार? तो एका वर्षांत दिसत नाहीं, दहांतहि धड दिसत नाहीं. कित्येक दशकांची वही उलगडली म्हणजेच दिसतो. गोव्यांत कांदोळीसमोरच्या समुद्रांत राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनें १९९७ पासून असाच परिपाठ ठेविला. पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या किनाऱ्याजवळ तळच्या पाण्यांतील प्राणवायु दरवर्षींच फार कमी होतो, हा निसर्गाचा क्रम आहे. त्यांत मनुष्याच्या सांडपाण्यानें व खतांनीं किती भर घातली, हें निवडून काढावयाचें असेल तर अनेक वर्षांचे आंकडे शेजारीं शेजारीं मांडण्यावांचून गत्यंतर नाहीं.

ह्या कामास नेहमींच महागडीं यंत्रें लागतात असें मात्र नाहीं. १८६५ सालीं इटलींतील जेझुइट ज्योतिर्विद अँजेलो सेक्की ह्यांनीं भूमध्यसमुद्रांत एका जहाजावरून पांढरी तबकडी दोरीनें पाण्यांत सोडली, आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते तें मोजलें. तीच सेक्कीची तबकडी आजहि जगभर पाण्याची पारदर्शकता मोजण्यास वापरतात. तबकडी लवकर दिसेनाशी झाली, म्हणजे पाण्यांत गाळ किंवा शेवाळ अधिक आहे; सूर्यप्रकाश तळाच्या गवतापर्यंत पोंचत नाहीं, आणि त्या गवतांत वाढणारीं माशांचीं पिलें उघडीं पडतात. तबकडी स्वस्त आहे. महाग आहे तो नेम. जागा तीच हवी, रीत तीच हवी, वेळ तीच हवी. पाण्यांतील प्राणवायु पहाटे सर्वांत कमी असतो व दुपारीं वाढतो; तेव्हां एकदां पहाटे व एकदां दुपारीं मोजून ‘पाणी सुधारलें’ असें म्हणणें म्हणजे स्वतःस फसविणें होय. तसेंच भरतीचें पाणी व ओहोटीचें पाणी, उधाणाचें पाणी व भांगाचें पाणी ह्यांतहि अंतर असतें. तें लिहून ठेविलें नाहीं तर आंकडा मुका राहतो.

ह्या मतावर दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा कीं, मोजल्यानें कांहीं बरें होत नाहीं. गरीब कोळ्यास आंकडे नकोत, मासे हवेत. हें अगदीं खरें आहे. ताप मोजणारी नळी ताप उतरवीत नाहीं, आणि कपाटांत पडून राहिलेलें गुणपत्रक कोणास शहाणें करीत नाहीं. मोजणीमागून कृति झाली नाहीं तर मोजणी व्यर्थ, हें आम्ही मान्य करितों. परंतु मोजणीवांचून केलेली कृति व्यर्थहि ठरते आणि घातकहि. चिल्काचें मुख भलत्या जागीं फोडलें असतें तर पैसा तर गेलाच असता. शिवाय पाणी प्रमाणाबाहेर खारें होण्याचें किंवा वाळूनें तें मुख पुन्हां बुजण्याचें भय होतें.

दुसरा आक्षेप असा कीं, कोळ्याला पाणी जन्मापासून ठाऊक असतें. त्याला कोणी वही घेऊन शिकवूं नये. ह्यांतहि पुष्कळ तथ्य आहे. तिथीवरून भरतीची वेळ सांगणारा, पाण्याच्या रंगावरून मासळीचा अंदाज बांधणारा कोळी आमच्या पुष्कळ पंडितांहून अधिक जाणतो. पण अनुभवाचें दुःख असें कीं, तो धन्याबरोबर जातो, आणि अधिकाऱ्याच्या मेजापुढें त्याचें वजन पडत नाहीं. ‘पूर्वीं ह्या खाडींत मासळी मुबलक होती’ असें वृद्ध कोळी म्हणतो, तेव्हां ऐकणारा मान डोलावतो व विसरतो. तेंच वाक्य वीस वर्षांच्या तारीखवार नोंदींसह मांडलें, म्हणजे त्याला उत्तर द्यावें लागतें. दुबळ्या मनुष्याची तक्रार पुराव्यास लावणारी वही ही त्याच्या बाजूची साक्षीदार आहे. म्हणून मोजणी कोळ्यांना डावलून नव्हे, तर त्यांच्यासह व त्यांच्या विचारानें व्हावी, असें आमचें म्हणणें आहे.

आतां आपल्या घराकडे वळूं. कोंकणच्या किनाऱ्यावर चिल्कासारखें विशाल खारकच्छ नाहीं. पण खाड्यांना तोटा नाहीं. तिवरांनीं झांकलेले त्यांचे कांठ, ओहोटीस उघडे पडणारे चिखल, त्यांतील निवट्या, कालवें व खेकडे हें आपलें वैभव होय. २०२२ सालीं ठाण्याची खाडी रामसर यादींत गेली, ह्याचा सर्व महाराष्ट्रास आनंद झाला. परंतु चिल्काचा इतिहास आपणांस सांगतो कीं, यादींत नांव जाणें हा आरंभ आहे. १९८१ सालीं यादींत गेलेलें सरोवर बाराच वर्षांत रोग्यांच्या नोंदींत गेलें होतें. आपल्या खाड्यांवर ती पाळी येऊं द्यावयाची नसेल तर दोन गोष्टी व्हाव्या. ज्यांच्या हातीं सत्ता व द्रव्य आहे त्यांनीं मोजणीचा खर्च शांत वर्षींहि कमी करूं नये, आणि निघालेले आंकडे सोप्या मराठींत, दरवर्षीं, बंदरावर व मासळीबाजारांत लावावे. जें गुणपत्रक पालकांना दाखवीत नाहींत त्याचा उपयोग तो काय?

दुसरी गोष्ट शाळांनीं करण्याजोगी आहे. खाडीकांठच्या प्रत्येक शाळेनें एक जाड वही घालावी. आठवड्यांतून एकदां, शिक्षकांच्या देखरेखीखालीं, धक्क्यावरून, ठरलेल्या जागीं व ठरलेल्या वेळीं विद्यार्थ्यांनीं तबकडी सोडावी, पाण्याची उष्णता व खारटपणा मोजावा, तिथि, भरतीची स्थिति व पाऊस लिहावा, दिसलेले पक्षी मोजावे, आणि धक्क्यावरच्या कोळ्यांना मासळीविषयीं विचारून तेंहि टिपावें. ज्या दिवशीं कांहीं नवें दिसलें नाहीं त्या दिवशीं ‘नवें कांहीं नाहीं’ असें लिहावें. पान कोरें सोडूं नये. शाळकरी मुलांच्या आंकड्यांना शास्त्रज्ञांच्या आंकड्यांची सूक्ष्मता येणार नाहीं. तरीहि नेमानें ठेविलेली अशी वही पंधरावीस वर्षांनीं संशोधकासहि उपयोगी पडूं शकते. कारण मागें जाऊन गेलेला आठवडा मोजणें कोणासहि शक्य नसतें.

ह्या कामांत कीर्ति नाहीं, हें आम्ही लपवीत नाहीं. जो विद्यार्थी आज पहिली ओळ लिहील, त्याला त्या वहीचा निष्कर्ष शाळेंत असतां पाहावयास मिळणार नाहीं. तो मॅट्रिक होऊन जाईल आणि वही खालच्या वर्गाच्या हातीं पडेल. परंतु शाळेंतील वर्ग जसे एकामागून एक येतात, तशीच ही वही एका हातांतून दुसऱ्या हातांत सहज जाऊं शकते, आणि म्हणूनच दीर्घकाळच्या मोजणीस शाळेसारखें योग्य स्थान दुसरें क्वचितच सांपडेल. येत्या जूनमध्यें शाळा उघडतील तेव्हां किनाऱ्यावरील निदान कांहीं शाळा तरी ह्या सूचनेचा विचार करतील, अशी आशा व्यक्त करून आम्ही वाचकांची रजा घेतों.